खळ



नागपुरात भाषणाला उभं राहिलं की संत्र्यापासून सुरुवात करायची पद्धत आहे. मी कापसापासून करतो. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल या शहरात सुरू झाली. इथल्या कोष्ट्यांचे हातमाग तर तिच्याही आधीचे. पण माग हाताचा असो की वाफेवरचा, ताण्याला खळ लावल्याशिवाय विणायला कुणी बसत नसे. खळ नसली की सूत फणीत घासतं, पिंजतं आणि तुटतं.

याच शहरात, मिहान प्रकल्पात, टाटा समूहाच्याच कारखान्यात बोइंग ७८७ विमानाचे फ्लोअर बीम तयार झाले, म्हणजे प्रवाशांच्या पायांखालची जमीन तोलणाऱ्या तुळया. त्या कार्बन तंतूंच्या आहेत, आणि कार्बन तंतूलाही खळ लागते. इंग्रजीत दोन्हींना साइझिंग म्हणतात. आपण मात्र प्रयोगशाळेत शिरलो की घरचा शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो.

फरक एकच आहे, पण मोठा आहे. कापड विणून झालं की खळ धुऊन काढतात. कार्बनवरची खळ तंतूंना एकत्र बांधणाऱ्या राळेत मुरते आणि जन्मभर तिथेच राहते. म्हणून ती लावण्यात झालेली चूक धुता येत नाही.

कार्बन तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. अ‍ॅक्रिलिकच्या जातीचा धागा आधी हवेत दोनशे ते तीनशे अंशांवर शेकायचा, मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर तापवायचा. उरतो तो जवळपास निव्वळ कार्बन. लांबीच्या दिशेला ओढाल तर पोलादाला मागे टाकणारा, पण पृष्ठभाग गुळगुळीत आणि अबोल. राळ त्याला धड धरत नाही. मग बीम वाकला की तंतू शाबूत राहतात आणि थर एकमेकांवरून सरकून सुटतात. कुडाच्या भिंतीत तणीस कितीही चिवट घाला, मातीनं ती धरली नाही तर भिंत मातीच्याच ताकदीची.

यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणारा बोलवायचा. कारखान्यात ते काम वीज करते. तंतूलाच धनाग्र करून अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यातून चालता ठेवतात. वरचा कच्चा थर निघतो, ऑक्सिजनचे गट बसतात आणि राळेशी बोलणं सुरू होतं. त्यावर इपॉक्सीची खळ चढते, वजनाच्या साधारण एक टक्का. पकड या रासायनिक गटांमुळे येते की खरखरीतपणामुळे, यावर आमच्या पिढीनं बरीच भांडणं केली. माझं मत: दोन्हींमुळे, पण कच्चा थर निघून जाण्याचं श्रेय आपण फार कमी देतो.

टाकी किती लावायची, हे मी चुकून शिकलो. उमेदीच्या काळात तंतू नायट्रिक आम्लात तासन्‌तास उकळले. पृष्ठभागावर ऑक्सिजन भरपूर दिसला आणि मी सगळ्यांना चहा पाजला. आठवड्यानं नमुने ताणून पाहिले, तर तंतूच मोडत होते. आम्लानं त्यांना खड्डे पाडले होते. पुढे उलट धडाही मिळाला: पकड फार घट्ट झाली की एका तंतूतली चीर न अडखळता शेजारच्या तंतूत घुसते आणि तुकडा काचेसारखा फुटतो. तंतू थोडा सुटला, चीर थोडी वळली, तरच धक्का जिरतो.

म्हणून तंतूवर कार्बन नॅनोट्यूबची लव उगवणाऱ्या तरुण मित्रांना एक विनंती. छायाचित्रं देखणी येतात, हे कबूल. पण ती लव उगवताना लागणारी उष्णता आणि लोहासारखा उत्प्रेरक मूळ तंतूला किती कुरतडतो, तो आकडा त्याच पानावर छापा.

खरी निकड मला दुसरीकडे दिसते. बाजारातली बहुतेक खळ इपॉक्सीसाठी बेतलेली आहे. पीक (PEEK) सारखं थर्मोप्लास्टिक वापरायचं तर साच्यात ३८० अंशांच्या आसपास जावं लागतं. तिथे ही खळ टिकत नाही. जुन्या भागांतली राळ जाळून परत मिळवलेल्या तंतूवर तर खळ उरतच नाही, तो उघडाच हाती येतो. त्याला कोणती खळ द्यायची? खळीची कृती कारखानदार लोणच्याच्या मसाल्यासारखी गुपित ठेवतात, ती ते सांगणार नाहीत. ज्या गावात १९४२मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेलं आणि रंगांचं रसायन शिकवलं गेलं, त्या गावानं ती स्वतः घोटायला काय हरकत आहे?

आता पहिल्या सत्राकडे वळू. निबंध वाचणाऱ्यांनी एवढं करावं: विकत आणलेल्या तंतूवर मुळात कोणती खळ होती, आणि तुम्ही ती काढली की तिच्यावरच प्रयोग केला, हे पहिल्याच मिनिटात सांगावं. नाही सांगितलंत, तर मी अध्यक्ष असूनही मधेच विचारणार आहे.