गॅरेजात कोंबड्या ठेवताना

मोटारीसाठी बांधलेल्या सुट्या गॅरेजाला तीन सलग भिंती, वर पत्रा किंवा स्लॅब आणि चौथ्या बाजूला लोखंडी शटर असते. खिडकी बहुधा नसतेच. ऊन, पाऊस आणि चोर यांच्यापासून आडोसा मिळाला की मोटारीचे भागते. तिला श्वास घ्यायचा नसतो. पालघर जिल्ह्यात सरावली-बोईसरकडे बंगल्याच्या आवारातले असे रिकामे गॅरेज गावठी, गिरिराज किंवा वनराज कोंबड्यांसाठी वापरता येते. मात्र त्याबाबत प्रश्न ठरलेला असतो: आत हीटर कोणता लावावा आणि कूलर कोणता? खरे तर त्याआधी विचारायला हवे की या खोलीत वारा कुठून शिरेल आणि कुठून बाहेर पडेल.

पूर्ण वाढलेली कोंबडी स्वतःच सुमारे १० वॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे ५० कोंबड्या हा अर्ध्या किलोवॅटचा, कधीही न विझणारा हीटर झाला. त्या दिवसाला १० ते १२ लिटर पाणी पितात, उन्हाळ्यात याच्या दुप्पटही. अंड्यांत जाणारा थोडा भाग सोडला तर हे सारे पाणी विष्ठेतून खाली अंथरलेल्या तुसात आणि श्वासातून हवेत येते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. तिच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि जादा उष्णता ती चोच उघडून, धापा टाकत, श्वासातल्या बाष्पावाटे घालवते. भोवतालची हवा बाष्पाने आधीच भरलेली असेल तर ही मुख्य वाटही बंद होते.

म्हणून पहिला नियम असा की कोंबड्या आत असताना शटर पूर्ण ओढायचे नाही. रात्री नाही, थंडीत नाही, पावसाच्या झडीतही नाही. मुंगूस येईल, चोर येईल, शेजाऱ्यांकडे वास जाईल, ही शटर ओढण्याची नेहमीची कारणे. त्यांतले एकही खोटे नाही. पण त्यांवरचा उपाय शटर हा नाही. शटरच्या आतल्या बाजूला लोखंडी चौकटीत अर्ध्या इंचाहून बारीक भोकांची मजबूत जाळी बसवून कुलूप लागेल असा दरवाजा करावा आणि शटर वर गुंडाळलेले ठेवावे. समोरच्या भिंतीत छताखाली दोन रुंद झरोके फोडून त्यांनाही तशीच जाळी लावावी. समोरासमोर वाट असेल तरच वारा वाहतो. एकाच बाजूला कितीही मोठे दार असले तरी आतली हवा कोपऱ्यांत तुंबून राहते. पत्र्याचे छप्पर असल्यास तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या शेडवर दिसतो तसा, वाऱ्याने फिरणारा गोल पंखा वर बसवावा. त्याला वीज लागत नाही.

विजेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. शटर बंद करून आत एक्झॉस्ट पंखा किंवा एसी लावला की काम झाले, असा समज आहे. मे महिन्याच्या दुपारी वीज गेली की तोच गारवा काही मिनिटांत ओसरतो आणि ५० कोंबड्यांची उष्णता व बाष्प आतच कोंडते. तासाभरात मरतुक सुरू होऊ शकते. ज्या गॅरेजातल्या कोंबड्यांचा जीव पंख्याच्या बटणावर अवलंबून आहे, त्या गॅरेजात कोंबड्या ठेवूच नयेत.

याच चुकीचा सर्वांत घातक प्रकार हिवाळ्यात दिसतो. पिल्लांना गारठा लागू नये म्हणून शटर ओढून आत कोळशाची शेगडी ठेवली जाते. बंद जागेत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. सकाळी पिल्ले मेलेली आढळली की दोष थंडीला दिला जातो. मध्यरात्री पिल्ले पाहायला आत गेलेल्या माणसाचाही त्यात जीव जाऊ शकतो. जे कुटुंब स्वतः अशा खोलीत एक रात्र झोपणार नाही, त्याने पिल्लांनाही तिथे कोंडू नये. ही गोष्ट दरवर्षी सांगावी लागते, आणि दरवर्षी नोव्हेंबर आला की शेगड्या पुन्हा आत जातात!

मुळात पालघरच्या किनारपट्टीवर मोठ्या कोंबड्यांना हीटर लागतच नाही. इथल्या हिवाळी रात्री बहुधा १५ अंशांच्या आसपास असतात आणि पिसे असलेला पक्षी तेवढा गारठा सहज सोसतो. ऊब लागते ती पिल्लांना, आणि तीही संपूर्ण खोलीत नव्हे, फक्त ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्यांखाली. पहिल्या आठवड्यात तिथे सुमारे ३५ अंश ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करावे. दर पिल्लामागे १ ते २ वॅट या हिशेबाने जुन्या पद्धतीचे, तारेचे बल्ब लावावेत. एलईडी दिवा उजेड देतो, पण ऊब जवळजवळ देत नाही. बल्ब वायरवर न लोंबवता साखळीने टांगावा, कारण तुसात पडलेला तापलेला बल्ब आग लावतो. पिल्ले दिव्याखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. चोची उघडून कडेला पांगली असतील तर उकडते आहे. सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असतील तर थर्मामीटर पाहण्याचीही गरज नाही.

उन्हाळ्याचा सामना मुख्यतः छपराशी आहे. तापलेला पत्रा खाली आग ओततो, तर स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतो. म्हणूनच स्लॅबच्या गॅरेजात रात्रीचा वारा दिवसाइतकाच मोलाचा. दोन्ही प्रकारच्या छपरांना वरून पांढरा चुना द्यावा. पत्र्याखाली फूटभर अंतर ठेवून बांबूच्या चटईचे दुसरे छत बांधावे आणि मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवावी, म्हणजे तापलेली हवा तिथूनच निघून जाते. स्लॅबवर दोन फूट उंच शेडनेट ताणली तरी फरक पडतो. पश्चिमेच्या भिंतीवर दुधीचा किंवा घेवड्याचा मांडव चढवावा. या भागातल्या वारली घरांच्या शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंती आत सावली आणि वारा दोन्ही देतात. सिमेंटच्या गॅरेजाला ते दोन्ही बाहेरून पुरवावे लागतात. थर्मोकोल उघडा लावू नये. कोंबड्या तो टोचून खातात, उंदीर त्यात घरे करतात आणि तो झपाट्याने पेट घेतो.

डेझर्ट कूलर आणि फॉगर यांचे गणित जागेवर अवलंबून आहे. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडते आणि हवा गार होते. सरावलीला समुद्राच्या दमट वाऱ्यात ते पुरते उडत नाही. तूस भिजतो आणि कोंबडीची धाप अधिक वाढते. इथे कोंबड्यांच्या उंचीवर वारा देणारा साधा पंखा उत्तम. सकाळी ऊन चढण्याआधी आणि सायंकाळी खाद्य द्यावे, कारण पचनातूनही उष्णता निर्माण होते. पाणी सावलीत, गार आणि कायम भरलेले असावे. रसायनांची रिकामी पिंपे त्यासाठी वापरू नयेत.

पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री लागते. ती खाली पक्की बांधावी आणि वरून उघडेल अशी ठेवावी. वरची फूटभर फट झडीतही मोकळी हवी. तूस रोज खालीवर करावा, ओला भाग काढून टाकावा. ओल्या तुसात रक्ती हगवण बळावते, बुरशी लागलेल्या तुसाने पिल्लांची फुप्फुसे बिघडतात. आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरले तर अमोनिया हद्दीबाहेर गेला आहे, आणि त्याचे कारण पुन्हा कोंडलेली हवा हेच असते.

गॅरेजात पेट्रोल, रंग, कीटकनाशके ठेवू नयेत. वायरिंगला गळती होताच वीज तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवावी. १० बाय १८ फुटांच्या जागेत हिशेबाने ९० कोंबड्या मावतात, पण अशा बांधकामात ६० च्या पुढे जाऊ नये. लसीकरणासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. डहाणू तालुक्यातल्या कोसबाड टेकडीवरच्या कृषी विज्ञान केंद्रातही सल्ला मिळतो.

जाळीचा दरवाजा आणि समोरचे झरोके पिल्ले येण्याआधी तयार असावेत. ते झाले नसतील तर पिल्लांची मागणी पुढे ढकलावी.