मातीचा बैल

रायपूरच्या जुन्या वस्तीत, कंकाली तलावाच्या आसपास, ब्राह्मणपारा नावाचा मोहल्ला आहे. १७४१ साली भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगढात शिरली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहू लागले आणि त्या राज्याच्या मागोमाग कितीतरी मराठी कुटुंबे या मुलखात येऊन स्थिरावली. ब्राह्मणपारा, तात्यापारा या भागांत घरात मराठी आणि अंगणाबाहेर छत्तीसगढी असा संसार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अशा घरातील मुलाच्या वाट्याला पोळा हा सण दोन तऱ्हांनी येतो.

नागपूरकडचे आप्त त्याला तान्ह्या पोळ्याचे कौतुक सांगतात. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मिरवतात, ही प्रथा भोसल्यांच्या अमदानीपासूनची. रायपुरात मात्र सणाचे नाव ‘पोरा’ आणि बैल मातीचा. त्याला ‘नंदिया बइला’ म्हणतात. पायांना भोके, त्यांत काड्या आणि काड्यांना मातीचीच चाके. ठेठरी-खुरमीचा नैवेद्य दाखवून झाला की मुलगे बैल पळवितात आणि मुली मातीचे जाते, चूल नि भांडी मांडून बसतात. (ही वाटणी मुलांनी केलेली नाही. दोन्ही खेळणी दोघांपुढे ठेवली तर चूल मुलगाही मांडतो.)

सण सुंदर आहे. पण खेळणे बाजारातून तयार आलेले असते. संध्याकाळपर्यंत एखादे चाक निखळते आणि बैल कोनाड्यात जातो. बैलाविषयी मुलाच्या ज्ञानात त्यामुळे काय भर पडते? फारशी नाही. ब्राह्मणपाऱ्यातील मूल रस्त्यावर बसलेली गाय रोज पाहते. तरी शिंगे कानांच्या वर की खाली, हे विचारले तर ते गोंधळते. रोज दिसणे आणि पाहणे यांत अंतर आहे. छापील चित्रात रंग भरूनही ते मिटत नाही. तेथे बैल आधीच काढलेला असतो आणि मुलाला केवळ रेघेच्या आत राहायचे असते.

यावर उपाय साधा आहे. मुलाच्या हाती मळलेल्या मातीचा गोळा द्यावा आणि बैल करावयास सांगावे. नमुना दाखवू नये. चार-पाच वर्षांचे मूल आधी एक लांबट गोळा करते आणि त्याला चार वळ्या चिकटविते. पाय बारीक असले तर पोटाच्या भाराने वाकतात; नुसते दाबून लावलेले असले तर सुकताना गळून पडतात. मग मूल पाय जाड करते, किंवा एकाच गोळ्यातून ओढून काढते. जड धडाला कसा आधार हवा, हा धडा त्याला कोणी सांगितलेला नसतो.

यानंतर त्याला खऱ्या जनावरापुढे न्यावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ शिक्षक आधी गोठा दाखवितात आणि मग माती देतात. पण करताना जे अडले, तेच शोधण्यासाठी डोळा उघडतो. आता मुलाला दिसते, की खूर दुभंगलेला आहे, खांद्यावर वशिंड आहे, गळ्याखाली पोळी लोंबते आहे. बैल रवंथ करीत असेल तर आणखी एक नवल कळते: वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीतच! आणि ज्या अवयवाला हात लागतो त्याला नाव लागते. वशिंड, वेसण, शेंबी, झूल हे शब्द रायपूरच्या मराठी घरांतून हळूहळू नाहीसे होत चालले आहेत. ते बहुधा आजोबांपाशी उरलेले असतात. मुलाने विचारल्याखेरीज ते बाहेर पडण्याचे कारण नसते.

ही कल्पना मराठी बालशिक्षणाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी माती, शिंपले, बिया, काटक्या यांवर बालवाडी उभी केली. पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्यावर, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नावच कुरणशाळा. तेथील मुलांना गाय शिकवावी लागत नव्हती, अक्षर शिकवावे लागत होते. ब्राह्मणपाऱ्यात नेमके उलट आहे. मुलाला अक्षर येते. बैल राहून गेला आहे. शेतातली नांगरटही आता पुष्कळशी ट्रॅक्टरने होते, त्यामुळे जू खांद्यावर घेतलेली जोडी पाहण्यासाठी शहराबाहेर बरेच जावे लागते. एखाद्या बालवाडीने वर्षातून एकदा, पोळ्याच्या आधल्या आठवड्यात, एवढी खटपट करावी. कुंभाराला शाळेत बोलावले तर अधिक चांगले; मात्र मुलांचे बैल त्याने नीट करून देऊ नयेत.

आणि हे बैल भाजू नयेत. सण झाला की ते पाण्यात भिजत घालावेत, माती पुन्हा मळावी आणि मुलांना म्हैस करावयास सांगावे. वशिंड काढून टाकायचे, शिंगे मागे वळवायची. बाकीचे काय बदलते, ते मुलांनी गोठ्यात जाऊन पाहून यावे.