दुधाचं दुकान, टाइल्सचा महाल

सुट्टीत ड्रेस्डेनला गेलात की सगळे राजवाडा बघतात. तुम्ही नदी ओलांडून नॉयश्टाटमध्ये या. बाउट्झनर श्ट्रासेवर ७९ नंबरला ‘फुंड्स मोल्केराय’ नावाचं दुधाचं दुकान आहे. हो, दुधाचंच!

आत पाऊल टाकलंत की भिंती, छत, काउंटर, जमीन, सगळीकडे टाइल्स. जवळजवळ २४८ चौरस मीटर, हाताने रंगवलेल्या, विलेरॉय आणि बॉख यांच्या ड्रेस्डेनमधल्या कारखान्यातल्या. पंखवाली गुबगुबीत बाळं, फुलं, वेली, गाई. आजीच्या घरच्या तुळशीवृंदावनावर मोराची एखादी टाइल असायची ना? तशा टाइल्सनी अख्खी खोली मढवलीय असं समजा.

पण दूध विकायला एवढा थाट कशाला? त्या काळी शहरात दूध बाहेरून, उघड्या गाडीतून यायचं. त्यात पाणी किती आणि धूळ किती, कोण सांगणार! पाउल फुंड हा शेतकरी बायकोला आणि सहा गाईंना घेऊन शहरात आला. काचेतून गिऱ्हाइकाला धार काढताना दिसेल अशी त्याने सोय केली. १८८०मध्ये डेअरी सुरू झाली. टाइल्सचं दुकान त्यानंतर दहाएक वर्षांनी. म्हणजे ही नुसती हौस नव्हती. गुळगुळीत टाइलवर दुधाचा शिंतोडा उडाला तर फडक्याने पुसून निघतो, वास राहत नाही. स्वच्छता डोळ्यांना दिसली पाहिजे, हा हिशेब. मला तर ही काच टाइल्सपेक्षाही जास्त आवडते.

फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात नदीपलीकडचं जुनं शहर जळून गेलं, हे दुकान मात्र वाचलं. १९७२मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने डेअरी ताब्यात घेतली. जर्मनी एक झाल्यावर डागडुजी होऊन १९९५मध्ये दुकान पुन्हा उघडलं, आणि १९९८मध्ये गिनीज बुकात ‘जगातलं सर्वात सुंदर दुधाचं दुकान’ म्हणून नोंद झाली.

आता रोजचं दूध घ्यायला तिथे कोण जाणार? पर्यटकांचीच झुंबड असते. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा: पंखवाली बाळं काय काय कामं करतायत ते शोधा, मोजा. तुम्ही तोवर पेलाभर ताक मागा. ‘बुटरमिल्श’ म्हणायचं. दाट असतं, मीठ-जिरं घरूनच न्या.