नवख्या वैमानिकाचें वेतन

वैमानिक म्हटला कीं थाटाचें चित्र डोळ्यांपुढें येतें. अमेरिकेंत १२ फेब्रुवारी २००९ रोजीं कोल्गन या प्रादेशिक कंपनीचें विमान बफलो शहराजवळ कोसळून जमिनीवरील एकासह ५० जीव गेले. सहवैमानिक अवघी २४ वर्षांची. तिचें वार्षिक वेतन चौकशींत सुमारें १६ हजार डॉलर निघालें. कंपनीनें आकडा अधिक सांगितला, पण तोहि बेताचाच. नोकरी न्यूअर्कला, मुक्काम आईवडिलांकडे सिअॅटलजवळ! आदल्या रात्रीं मालवाहू विमानांतून देश ओलांडून ती कामावर आली होती. चौकशीनें दोष कप्तानाच्या चुकीच्या हाताळणीस दिला. थकव्याचा वाटा किती, हें ठरवितां आलें नाहीं. पुढें २०१३ पासून सहवैमानिकास सामान्यतः १५०० तासांच्या उड्डाणाची अट लागली. वेतन मात्र कंपन्यांच्याच मर्जीवर राहिलें. २०२२ मध्यें वैमानिकांची टंचाई भासतांच कांहीं प्रादेशिक कंपन्यांनीं नवख्यांना ताशीं ९० डॉलर देऊं केले.