आठ महिन्यांचा पाहुणा



पक्ष्यांविषयी बोलायला या व्यासपीठावर एखादा प्राध्यापक यायला हवा होता. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या तोंडून. आजचा विषयही मला असाच भेटला.

ठाणे खाडीच्या काठी एका मिठागरावर मी मजुरांची सभा घेत होतो. भरतीची वेळ होती. बांधावर चिमणीहून लहान असे शेकडो राखी पक्षी दाटीने बसले होते. एकाएकी सारा थवा उठला आणि खाडीकडे गेला. एक म्हातारी मजूरबाई म्हणाली, "भाऊ, आटपा आता. ओहोटी लागली." तिच्याजवळ घड्याळ नव्हते. तिचे घड्याळ ही पाखरेच होती.

या पक्ष्याला छोटा टिलवा म्हणतात. पाठ राखी, पोट पांढरे, चोच आणि पाय काळे. वजन वीस-पंचवीस ग्रॅम. ओहोटीने चिखल उघडा पडला की हा पळत पळत किडे, अळ्या, बारीक कृमी टिपतो. त्याची पाळी सूर्यावर नव्हे, पाण्यावर ठरते. ओहोटी रात्री आली तर रात्रपाळी! भरतीत चिखल बुडाला की विसाव्याला उथळ, उघडी जागा लागते. ती मिठागराने दिली.

आपण त्याला परदेशी पाहुणा म्हणतो. जरा हिशेब करू. त्याची वीण नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंतच्या टुंड्रा प्रदेशात होते. जूनमध्ये तेथील बर्फ वितळते. जमिनीवरच्या लहानशा खळग्यात मादी बहुधा चार अंडी घालते. पुष्कळदा ती दोनदा अंडी घालते. एक घरटे नर उबवतो, दुसरे ती स्वतः. पिल्ले पहिल्याच दिवशी चालतात आणि आपले अन्न आपण टिपतात. मोठे पक्षी आधी निघून जातात. पिल्ले मागाहून, वाट दाखवणारे कोणी नसताना, हजारो किलोमीटर उडत येतात. ऑगस्टपासून ती आपल्याकडे दिसू लागतात. एप्रिल-मेमध्ये अंगावर तांबूस पिसे आणि कातडीखाली चरबी साठवून परत निघतात. ही चरबी आपल्या चिखलातली. म्हणजे उत्तरेत जेमतेम दोन महिने, येथे आठ महिने, बाकीचा काळ वाटेत. मग हा पाहुणा कसला?

मित्रहो, 'बाहेरचा' आणि 'हंगामी' हे दोन शब्द मला फार चांगले ठाऊक आहेत. ते मिठागर पुढे बंद झाले. आम्ही भरपाई मागितली, तेव्हा कळले की बायकांची नावे हजेरीपुस्तकात नव्हतीच. त्यांचे काम नवऱ्याच्या नावावर मांडले होते. घड्याळाविना ओहोटी सांगणारी ती म्हातारी कागदोपत्री तेथे कधी आलीच नव्हती. तिला एक पैसाही मिळवून देता आला नाही. हजेरी नाही, म्हणून हक्क नाही.

टिलव्याची हजेरी निदान काही लोक मांडतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक पक्ष्यांच्या पायांत कडी घालतात. १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, आणि तीत साधी माणसेही भाग घेतात. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु खाडी राखली आणि विसाव्याचे मिठागर गेले, तर टिलव्याला अर्धेच घर उरते.

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी घेण्यास मंजुरी दिली. घरांसाठी मी आयुष्यभर मोर्चे काढले आहेत. गरिबाला घर नको, असे माझ्या तोंडून निघणार नाही. ते कोठे बांधावे यावर वाद होऊ द्या. परंतु त्या जमिनीला कोणी 'पडीक, रिकामी' म्हणाले, तर मी उठून उभा राहीन. ती रिकामी नव्हती. तेथे माणसे राबत होती आणि पाखरे विसावत होती. आपण हजेरी मांडली नाही, एवढेच.

येत्या जानेवारीत आपल्या गावच्या तळ्यावर, खाडीवर जा आणि मोजा.