अर्थ सांपडतो तो कोठें?

संकट कोसळलेल्या घरीं समाचारास जाण्याचा प्रसंग आपणां सर्वांवर येतो. गेल्या वर्षीं एका स्नेह्यांचा तरुण मुलगा दीर्घ आजारानें गेला, तेव्हां मीहि गेलों होतों. बोलावयास कांहीं सुचेना, म्हणून 'ईश्वराचा यांत कांहींतरी हेतु असेल,' असें बोलून गेलों. मुलाच्या आईनें मान खालीं घातली. आपलें बोलणें बोचलें, हें मला जिना उतरतांनाच उमगलें.

त्यानंतर सुसान फोकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींच्या संशोधनाची हकीकत वाचनांत आली. १९९० नंतरच्या वर्षांत, एड्सवर खात्रीचा उपाय हातीं नव्हता तेव्हां, सॅन फ्रान्सिस्को येथें आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांच्या मुलाखती दर दोन महिन्यांनीं घेण्यांत येत. प्रश्न सारे कष्टांविषयीं. थोड्याच दिवसांत त्या पुरुषांनींच तक्रार केली, कीं ज्याच्या आधारावर आमचा दिवस निभतो, तें तुम्ही विचारीतच नाहीं. संशोधकांनीं तो प्रश्न मुलाखतींत घातला. (ही नम्रता विद्वानांत दुर्मिळच!) उत्तर बहुतेक प्रत्येकापाशीं होतें आणि तें अगदीं साधें होतें: रोग्याच्या आवडीचा पदार्थ रांधला, मित्रमंडळी भेटली, एखादें फूल नजरेस पडलें. हा रोग आमच्याच वाट्यास कां आला, याचा उलगडा त्यानें होत नव्हता. तरीहि त्या दिवसाला अर्थ होता.

याच सुमारास रमाबाई रानडे यांच्या आठवणी मीं पुन्हां वाचावयास काढल्या. न्यायमूर्ति १९०१ सालीं निवर्तले, तेव्हां रमाबाई चाळिशीच्या आंतच होत्या. पुढें १९०९ सालीं पुण्यास सेवासदनाचें काम उभें राहिलें आणि १९१० सालीं या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यांत शेवटच्या आजाराची हकीकत आहेच. पण पुष्कळशीं पानें पतीनें दिलेले धडे, त्या शिकण्यास घरांतील वडील बायकांचा विरोध, अशा रोजच्या गोष्टींनींच भरलीं आहेत.

मग त्या स्नेह्यांकडे मी पुन्हां गेलों. या खेपेस हेतूचें नांव काढलें नाहीं. आजारांत दिवस कसे जात, एवढेंच त्या माउलीस विचारलें. 'तो तापांतहि बुद्धिबळाचा पट मांडावयास लावी, आणि मी मुद्दाम हरत असें,' त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, 'नेहमींच मुद्दाम नव्हे हो.' चहा निवून गेला, तरी त्यांचें बोलणें चाललेंच होतें.