रक्तातला विळा

दिवाळीच्या आगेमागे जव्हारहून मोखाड्याकडे निघालात, तर उतारावरच्या नागलीच्या शेतांत विळे घेऊन वाकलेली माणसं दिसतील. आज मी बोलणार आहे तो विळा मात्र निराळा. तो रक्तात असतो, आणि तो पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो.

आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाची मुलं कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहतात. भिंगातून डोकावलं की कुणीतरी म्हणतंच, "सर, ह्या तर रचलेल्या विटा!" सुगी संपली की या मुलांची घरं वीटभट्ट्यांवर जातात, उपमा शोधायला त्यांना लांब जावं लागत नाही. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाच्या पातळ कापात असेच कप्पे पाहिले होते.

रक्तातली तांबडी पेशी मात्र विटेसारखी नसते. ती गोल, चपटी आणि दोन्ही अंगांनी मधे दबलेली असते. एका मिलिमीटरच्या अंतरात अशा शंभरावर पेशी ओळीनं बसतील. तिच्यात हिमोग्लोबिन हे तांबडं द्रव्य ठासून भरलेलं असतं. तेच फुप्फुसांतला प्राणवायू शरीरभर पोहोचवतं. सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्या तर पेशीहूनही अरुंद असतात, पण पेशी लवचिक म्हणून दुमडून पलीकडे निघून जाते. असं सुमारे १२० दिवस चालतं.

काही माणसांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक बारीकशी चूक जन्मतःच असते. १४६ दुव्यांची एक साखळी. तिच्यातला सहावा दुवा तेवढा बदललेला. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं की दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे. नेमका दुवा व्हर्नन इंग्रम यांनी १९५७ साली हुडकला. एवढ्याशा बदलानं होतं असं, की प्राणवायू देऊन झाला की हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. ती वाहिनीत अडकते. मग हाडं-सांधे असे ठणकतात की माणूस कळवळतो. शिवाय या पेशी दहा-वीस दिवसांतच मोडतात, म्हणून अंगात रक्त कमी. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हे बरं होत नाही.

हा सिकलसेल आजार आपल्या राज्यात पालघर, नंदुरबार, गडचिरोली अशा आदिवासी मुलुखांत आढळतो. एक विद्यार्थी थंडीत वारंवार गैरहजर राहायचा. म्हणायचा, पाय दुखतात. मी त्याला कामचुकार ठरवला होता. पुढे तपासणीत विळा निघाला. जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याची लाज वाटते.

आता लग्नाची गोष्ट. आई आणि बाप दोघांकडून एकेक गुण येतो. एकच सदोष गुण असलेला माणूस वाहक. तो सहसा धडधाकट असतो, आणि मलेरियाच्या गंभीर दुखण्यापासून त्याला काहीसं संरक्षणही मिळतं. म्हणूनच हा गुण हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिला. पण दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याचा संभव चारात एक. इथं लोक फसतात. "एक पोर आजारी झालं, आता पुढची तीन चांगली," असं मला एका बापानं सांगितलं होतं. तसं नाही, बाबांनो! दर खेपेला फासे नव्यानं पडतात. म्हणून सोयरीक जुळवण्याआधी दोघांचं रक्त तपासावं. २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे; बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते, आणि दोष दिसला तर पुढची पक्की तपासणी. वाहक निघाला म्हणून मुलीला नाकारायचं, असा याचा अर्थ कुणी काढू नये; दोघंही वाहक आहेत का, एवढाच प्रश्न आहे.

ज्यांना आजार आहे त्यांनी भरपूर पाणी प्यावं, गारठा आणि अतिश्रम टाळावेत, ताप आला तर दवाखाना गाठावा. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध डॉक्टरी देखरेखीखाली घेतलं, तर वेदनेचे झटके कमी होतात. पण भट्टीच्या धगीत, दिवसभर विटा वाहणाऱ्यानं हे पथ्य पाळायचं कसं? याचं उत्तर माझ्या विषयाच्या पुस्तकात नाही.

तो विद्यार्थी आता पाण्याची बाटली घेऊन वर्गात येतो. तास चालू असतानाच मधे उठून पाणी पितो. मी शिकवत राहतो.